खुलके चेष्टा कीजिए

३ ऑक्टोबर १९८८

मुंबईची बाई नाही म्हणाली. पंजाबात पाय ठेवणार नाही, घरचे पाठवत नाहीत. म्हणून आज सकाळी भसीन आमच्या दारात हात जोडून उभा. हा गृहस्थ परवापरवापर्यंत सेक्टर बावीसमध्ये नळाच्या तोट्या आणि कमोड विकायचा. आता टीव्ही मालिकेचा निर्माता आहे. मालिका 'बारह नंबर कोठी'. आईचं काम रिकामं पडलंय.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी एकपात्री केलं होतं ते कुणीतरी त्याच्या कानावर घातलंय. "भैणजी, आप तो बम्बई की आर्टिस्ट हो." मी सांगलीची, असं सांगितलं. "एक ही बात है जी."

हे म्हणाले, विचार करून सांग. विचार कसला करायचा? राज्य नाट्यस्पर्धेत अभिनयाचं रौप्यपदक घेतलेली बाई ह्यांच्या बदल्यांमागे भोपाळ, राउरकेला करत चंदीगडला येऊन पडलीय. इतकी वर्षं तोंडाला रंग नाही. मला हे काम हवंय. भसीनसमोर "बघते, कळवते" म्हटलं आणि त्याची पाठ वळताच आरशासमोर जाऊन उभी राहिले, इतकं हवंय.

६ ऑक्टोबर

मुहूर्त. मोहालीतली एक कोठी, इथे बंगल्याला कोठी म्हणतात. नारळ भसीनच्या ज्योतिष्याने फोडला, तोही तिसऱ्या फटक्याला.

मालिका चालायला काय लागतं ते भसीनला तोंडपाठ आहे. प्रत्येक भागात एक लग्न, नाहीतर एक मरण. सून गोरी. आई पिकल्या केसांची आणि रडकी. घरात मोठा फ्रिज दिसलाच पाहिजे, बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की घर खानदानी आहे. स्वयंपाकघरात कॅमेरा मावत नाही म्हणून फ्रिज दिवाणखान्यात. सासरे त्याला टेकून संवाद म्हणतात. सासऱ्यांचं काम एका रिटायर्ड कर्नलला दिलंय, कारण कोठी त्याची आहे. संवाद म्हणतो ते परेडला हुकूम दिल्यासारखे.

अगरबत्तीवाले प्रायोजक आले होते. भसीनने माझी ओळख करून दिली, "कल की फ्लाइट से आई हैं, बम्बई से." मी ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून सेक्टर एकोणतीसमधून आले होते. हातात हेल्मेट होतं. अगरबत्तीवाल्याने त्या हेल्मेटला सुद्धा नमस्कार केला.

नावही बदललंय. जोगळेकर म्हणताना ह्या लोकांची जीभ वळत नाही. पडद्यावर मी 'सुमनश्री'. मीनू पोट धरधरून हसली. "मम्मी, अगरबत्ती का ही नाम लगता है यार." पोरगी दहावीत गेली पण मराठीत उत्तर म्हणून देत नाही. समजतं सगळं.

११ ऑक्टोबर

दिग्दर्शक त्रिपाठीजी. इलाहाबादचे. सरकारी टीव्ही केंद्रातून निवृत्त. बोलतात ती हिंदी बातम्यांत सुद्धा कुणी वापरत नाही. चहाला चाय म्हणतात हीच मेहेरबानी. त्यांचं मत, मालिका यशस्वी होते ती भाषेच्या शुद्धतेवर. लेखकही तेच. त्यामुळे ह्या पंजाबी कुटुंबात म्हातारी आई नातवाला "वत्स, भोजन ग्रहण कर लो" म्हणते. कर्नलने विचारलं, "त्रिपाठीजी, एह वत्स कौन है? मुंडे दा नाम ते बंटी है." त्रिपाठीजी दुखावले.

चारनंतर शूटिंग नाही. अंधार पडायच्या आत प्रत्येकाला आपापल्या पोलीस नाक्यापलीकडे पोचायचं असतं. त्यामुळे आमच्या मालिकेत रात्र होत नाही. तीन मुलं, दोन सुना, सगळे भर उन्हात एकमेकांना शुभरात्री म्हणतात. कुणाला काही वाटत नाही. मला लाज वाटते. आणि तरी रोज सकाळी आरशासमोर बसले की जिवाला बरं वाटतं, हेही लिहून ठेवते.

१५ ऑक्टोबर

आज मजा झाली.

तिसरा भाग. थोरला मुलगा नोकरीसाठी परदेशी चाललाय, घरात रडारड. कर्नल लांबलचक उपदेश करतात, धीर धरा, एकत्र रहा, मोठ्यांवर विश्वास ठेवा वगैरे. शेवटी मी सगळ्यांना जवळ घेऊन म्हणायचं, "सब ठीक है जी. घर में बड़े बैठे हैं, चिन्ता किस बात की." गंभीरपणे, डोळ्यांत पाणी.

तीनदा केलं. पाणीसुद्धा आणलं. त्रिपाठीजी मान हलवत राहिले. मग जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सुमन जी, आप चेष्टा ही नहीं कर रहीं. चेष्टा कीजिए. खुल के चेष्टा कीजिए."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ह्या माणसाला अक्कल आहे! आपणच लिहिलेलं वाक्य किती पोकळ आहे हे त्याला कळतंय, आणि त्याची चेष्टा करायला सांगतोय. मनातल्या मनात माफी मागितली.

मग काय, सोडलंच नाही. मान जराशी वाकडी केली. फ्रिजला टेकलेल्या कर्नलकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सब ठीक है जीऽऽ," आमच्या गल्लीतल्या गोदाकाकू त्यांच्या यजमानांना म्हणायच्या त्या सुरात. "घर में बड़े बैठे हैं..." म्हणताना पदराने तोंड पुसलं. कॅमेरामनचा खांदा हलायला लागला. धाकट्या सुनेला हसू फुटलं, तिने तोंड फिरवलं, ते पडद्यावर हुंदक्यासारखं दिसेल. कर्नल खरोखर रागावले, तेही छान आलं.

त्रिपाठीजी हातातले कागद चाळत राहिले. चेहऱ्यावर काहीच नाही. तेवढ्यात वीज गेली.

१६ ऑक्टोबर

मीनूने अब्रू काढली. कालचं कौतुकाने सांगत होते. ती म्हणाली, "मम्मी, चेष्टा मतलब कोशिश. हमारी हिन्दी की किताब में है. सर बोल रहे थे कि आप कोशिश ही नहीं कर रहीं."

हे जेवता जेवता ठसकले.

म्हणजे त्रिपाठी मला म्हणत होता की बाई, जरा प्रयत्न तर कर. रौप्यपदकवाल्या बाईला! आणि मी त्या बिचाऱ्याच्या वाक्याची सगळ्यांसमोर टिंगल केली. दिवसभर कानशिलं गरम आहेत. उद्या जाऊन पुन्हा करते म्हणून सांगणार.

१७ ऑक्टोबर

सांगितलं. भसीन म्हणाला, पुन्हा नाही. परदेशी जाणारा 'मुलगा' खरंच निघून गेला, लुधियान्याला, त्याच्या बापाने परत बोलावलं. जे झालं तेच कापून-जोडून लावायचं. त्रिपाठीजींना चेष्टेची भानगड सांगितली. ते बराच वेळ शब्दाच्या व्युत्पत्तीवर बोलले. माझ्यावर रागावले असावेत, पण व्युत्पत्तीत राग बुडाला.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली. काल शेजारची बलजीत बर्फी घेऊन आली होती. ह्या वर्षी फटाका वाजला की आधी सगळे गप्प होतात, मग एकमेकांकडे बघून हसतात.

मालिकेचे दोन भाग लागून गेले. गुरुवारी संध्याकाळी असते. कुणी ओळखलं नाही. बलजीत तोंडावरच म्हणाली, "दीदी, बोर है." मला बरं वाटलं. निदान एक माणूस खरं बोलतं ह्या गावात.

१८ नोव्हेंबर

काल तिसरा भाग लागला. मी बघितला नाही, मोरीत कपडे धूत बसले.

आज सकाळी दूधकेंद्रावर रांगेत उभी होते. दूध अर्धंच आलेलं. काउंटरवाला सांगत होता, येईल, येईल, गाडी निघालीय. पुढची एक बाई मान वाकडी करून म्हणाली, "सब ठीक है जीऽऽ." सगळी रांग हसली. मी मागे उभी. शाल डोक्यावरून घेतली आणि दूध न घेताच घरी आले. का पळाले कोण जाणे.

२६ नोव्हेंबर

आता ते वाक्य ऐकू येत नाही अशी जागा उरली नाही. भाजीवाला. मीनूची पी.टी.ची बाई. मोहालीच्या नाक्यावर वाळूच्या पोत्यांमागचा शिपाई स्कूटर थांबवून ह्यांची डिकी बघत होता, त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि बंदूक खांद्यावर टाकून म्हणाला, "सब ठीक है जीऽऽ?" मान तेवढीच वाकडी. हे म्हणाले, एवढं अभिनयाचं पदक मिळवून शेवटी तुझी मान गाजली.

भसीनने घरी जेवण दिलं. यशाची मीमांसा ऐकून घेतली. भसीन: परदेशगमन म्हणजे अर्धं मरणच, म्हणून भाग चालला. शिवाय फ्रिज. ज्योतिषी: 'कोठी'च्या स्पेलिंगमध्ये एक जादा आय घालायला लावला होता, त्याचा गुण. अगरबत्तीवाले: उपदेशाच्या आधी देव्हारा दिसला, त्यातून वातावरण तयार झालं. कर्नल: "मेरी डाँट असली थी." त्रिपाठीजी: भाषा. एकेकाला ताटात वाढून घेताना बघत होते. पहिल्या दोन भागांतही फ्रिज होता, देव्हारा होता, जादा आय होता. ते का आपटले, असं कुणी विचारत नाही. एवढी मोठी माणसं, कुणाच्या डोक्यात येत नाही.

परतताना हे म्हणाले, "खरं कारण सांगू? सातनंतर रस्त्यावर कुत्रं नसतं. लोक घरात कोंडलेत. रोज कुणी ना कुणी रेडिओवर सांगतं, स्थिती नियंत्रणात आहे. आणि त्यात तू." पुढे बोलले नाहीत, नाका आला होता.

५ डिसेंबर

नवीन भागांची पानं आली. पानापानावर 'सब ठीक है जी'. आई डाळीला फोडणी देते, सब ठीक है जी. सून बाळंत होते, सब ठीक है जी. मांजर आडवं जातं, तिथेही. त्रिपाठीजींनी प्रत्येक ठिकाणी कंसात लिहिलंय, 'मराठी चेष्टा के साथ'. शब्द शिकले, अक्कल होती तेवढीच राहिली.

करून दाखवते. मान बरोबर तेवढीच वाकडी, सूर तोच. आतून मेलेलं आहे. पहिल्या वेळी समोर एक पोकळ वाक्य होतं, त्याला टोचलं. आता वाक्यच टोचण्यासाठी लिहिलेलं. गोदाकाकूंना कुणी रोज दहा वेळा म्हणायला लावलं असतं तर त्यांनी बत्ता घातला असता डोक्यात.

लोक हसतातच. हे मात्र मला कळत नाही. मला वाटत होतं मला कळतं.

१३ डिसेंबर

टीव्ही केंद्रातून भसीनला फोन. साहेबांच्या साहेबांनी विचारलंय की ही बाई 'सब ठीक है' असं का म्हणते. सब ठीक है, तर सरळ म्हणावं. ह्या प्रांतात, ह्या दिवसांत, वाकडं म्हणायचा अर्थ काय. मालिकेने जनतेला विश्वास दिला पाहिजे.

भसीन घामाने डबडबलेला, ह्या थंडीत. "भैणजी, बस एक बार सीधा बोल दो. प्यार से. पूरे भरोसे से." म्हणजे एका भागात आईने ते वाक्य मनापासून म्हणायचं, केंद्र ते बघणार, आणि पटलं तर मालिका पुढे चालू.

मी म्हटलं, आणि नाही पटलं तर? तो चपला शोधायला लागला.

१७ डिसेंबर

नाही पटलं तर काय, ते आज कळलं. मुंबईची ती बाई आता यायला तयार आहे. पूर्वी दोन पौराणिक सिनेमांत देवी होती, म्हणून मी तिला देवी म्हणते. मालिका चालतेय असं कानावर गेल्यावर पंजाबची भीती कमी झाली. देवी विश्वास देईल. तिचा चेहराच तसला आहे, मी तो पोस्टरवर पाहिलाय, पाण्यातून वर येताना.

एकच गोष्ट खरी. मला हे काम सोडायचं नाही. मालिका भिकार आहे, फ्रिज दिवाणखान्यात आहे, दिग्दर्शक ठार वेडा आहे, आणि मला सोडायचं नाही. हे एक वर्ष गेलं की पुन्हा बदली, पुन्हा नवीन गाव, पुन्हा "मिसेस जोगलेकर, आप कुछ करती हैं?"

आणि हुकमावरून सरळ म्हणायचं हेही गळी उतरत नाही. कसलं ठीक आहे? कुणाचं?

ह्यांना विचारलं. म्हणाले, "म्हणून टाक ना. एक वाक्य." ह्यांनी नाटक कधी केलं नाही.

२१ डिसेंबर

लिहिता येईल तेवढं लिहिते.

हे हिशेब तपासणीला लुधियान्याला गेले होते. पाचपर्यंत यायचे. सहाला बलजीत आली, शाल नीट न घेता. खन्नाच्या बाजूला बसवर गोळीबार झाल्याचं तिच्या दिराला कुणीतरी सांगितलं. कुठली बस, माहीत नाही. चंदीगडकडे येणारी की जाणारी, तेही नाही.

ऑफिसात फोन लावला. घंटा वाजत राहते, उचलत कुणी नाही. बलजीतने चहा केला, त्यात साखर दोनदा घातली. मीनू पलंगावर पाय जवळ घेऊन बसली होती. माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. आईने म्हणायचं असतं.

म्हटलं, "काही नाही होत गं. सगळं ठीक आहे."

मराठीत म्हटलं. मीनू किंचाळली, "मम्मी प्लीज़! वो वाला मत करो!"

मी काही केलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं केलं. बलजीतकडे पाहिलं तर तिने नजर खाली केली. मान वाकडी झाली असेल. मला कळलं नाही.

मीनू माझ्याजवळ न येता बलजीतच्या कुशीत गेली.

साडेसातच्या सुमाराला हे आले. ह्यांची बस मागे होती, खन्नाच्या अलीकडेच अडवून ठेवली, सगळ्यांना खाली उतरवून तपासलं. डबा बसमध्येच राहिला म्हणून चिडचिड करत होते. मी त्यांना धरलं ते सोडवेना. बलजीत म्हणाली, "वाहेगुरू," आणि रिकामा कप घेऊनच घरी गेली.

पुढच्या बसमधले लोक कोण होते माहीत नाही. मी विचारलं नाही.

२४ डिसेंबर

आज ते वाक्य झालं.

प्रसंग त्रिपाठीजींनी लिहिला तो असा की धाकटा मुलगा वेळेवर घरी आला नाही, सून घाबरलीय, आई तिला जवळ घेऊन म्हणते, सब ठीक है जी. बुधवारचं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्यांना असाच सुचला. इथे कुणालाही सुचेल.

त्रिपाठीजींनी बाजूला घेतलं. फार नम्रपणे म्हणाले, "आज चेष्टा कीजिए, सुमन जी. मतलब, मराठी वाली नहीं. हमारी वाली."

म्हटलं, करते.

केंद्रासाठी केलं नाही. भसीनसाठी नाही, देवीला घाबरूनही नाही. बुधवारी मीनूला जे म्हणायचं होतं आणि म्हणता आलं नाही, ते म्हणायचं ठरवून गेले होते. सुनेचं काम करणाऱ्या मुलीचं डोकं छातीशी धरलं. मान सरळ ठेवली, लक्ष देऊन सरळ ठेवली. "सब ठीक है जी." खालच्या आवाजात. माझा स्वतःचा आवाज होता तो, कुणाची नक्कल नव्हती.

दिवेवाला फिस्सकन हसला. मग कॅमेरामन. मग सगळी कोठी. कर्नल फ्रिजला धरून हसत होते. कुशीतली सून थरथरत होती, मला वाटलं रडतेय.

पुन्हा केलं. आणखी हळू. जास्त हसले.

तिसऱ्यांदा मला खरंच रडू आलं. ह्यांना दारात पाहिलं ते आठवलं, आणि मीनू माझ्याकडे न येता दुसरीकडे गेली तेही. डोळे, नाक, सगळं वाहत होतं. वाक्य तसंच म्हटलं. शॉट संपल्यावर भसीन टाळ्या वाजवत आला, "क्या चीज़ हो आप! रोते रोते भी मज़ाक! मैं तो मर गया जी!"

त्रिपाठीजी कपाळाला हात लावून खुर्चीत बसलेले. "मैंने मना किया था. कितना मना किया था."

मी सांगितलं, मी चेष्टा केली नाही. हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत. धाकटी सून डोळे पुसत म्हणाली, "आंटी, अब बस करो, पेट दुख रहा है."

चार वाजले. तिसरा शॉट ठेवला.

घरी येताना ह्यांच्या पाठीवर डोकं ठेवून बसले. ह्यांनी विचारलं, झालं का? हो म्हटलं. कसं झालं? म्हटलं, हिट.

२८ डिसेंबर

कॅसेट केंद्रात गेली. भसीन म्हणतो, सहा साहेब मिळून बघणार. देवीचं तिकीट काढून ठेवलंय, रद्द करता येईल असं. भसीनला हे सांगताना लाज वाटली नाही. उलट मलाच सल्ला मागितला, देवीला कुठल्या हॉटेलात उतरवावं.

सहा साहेब हसले तर मी वाकडं म्हणाले असं ठरणार. हसले नाहीत तर सरळ म्हणाले असं ठरणार. मी काय म्हणाले त्याला कुणी विचारत नाही.

इतके दिवस ह्या लोकांवर तोंड वाकडं करत आले, की मालिका कशाने चालते ते त्यांना कळत नाही. तोट्यावाला, ज्योतिषी, शुद्ध हिंदीवाला. मला कळतं असा माज होता. शनिवारी तो उतरला. त्या लोकांवरचा राग मात्र तेवढाच आहे, बरं.

२ जानेवारी १९८९

धुकं. समोरचा ब्लॉक दिसत नाही.

केंद्राचा फोन आज येणार. भसीन दिवसभर बाहेर असतो, म्हणून त्याने आमचा नंबर दिलाय.

हे सकाळी भटिंड्याला गेले, तिथला हिशेब तपासायचाय. बसनेच. नवा डबा भरून दिला. जिन्यापर्यंत गेले. काय म्हणावं कळेना, जे म्हणायला जावं ते तोंडात तसंच वळतं की काय अशी धास्ती. शेवटी नुसतं "जपून जा" म्हटलं.

हे दोन पायऱ्या उतरले होते. थांबले, वळून पाहिलं, आणि हसले. "मस्त म्हणतेस. पुन्हा म्हण."

म्हटलं नाही.

पोचल्यावर ऑफिसातून फोन करतो म्हणालेत. अकराला फोन वाजला, धावत गेले. भसीन. "कोई ख़बर आई, भैणजी?"

नाही म्हटलं. ह्यांचा फोन यायचाय, लाइन मोकळी ठेवा म्हटलं. तो हसायला लागला.